धुक्यातली हाळी

उंबरमाचीवर धुकं यायचं बंद झालं त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. तरी कोंडिबा आखाडे रोज उजाडताना पडवीत येऊन बसायचा आणि पश्चिमेकडं बघत राहायचा.

बघण्यासारखं आता पुष्कळ होतं. पूर्वी एप्रिल-मेमध्ये सकाळी दहापर्यंत स्वतःच्या हाताची बोटं दिसायची नाहीत. आता माची घासलेल्या ताटासारखी लख्ख. कड्याखाली लांब धरणाचं पाणी, अलीकडं गावातली बासष्ट घरं, प्रत्येकाचं अंगण, कोण दात घासतंय, कुणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय, सगळं. गावाला एकमेकांची इतकी सवय नव्हती. उकिरड्यावरून, कुंपणावरून भांडणं वाढली होती. धुक्यात जे चाळीस वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं, ते आता रोज येत होतं.

आणि कड्याच्या काठानं एका ओळीत चाळीस जाळ्या उभ्या होत्या. तीन माणसं एकावर एक उभी केली तर पुरतील इतक्या उंच, काळ्या, बारीक विणीच्या. वारा सुटला की त्या गुणगुणायच्या.

त्या सकाळी बबन कोकरे अंगणात आला तो कोंडिबाला पार त्याच्या फाटकापासून येताना दिसला. बबन त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी एकत्र म्हशी राखल्या होत्या. आता बबननं घराला तीन खोल्या काढून पर्यटकांसाठी पाटी लावली होती, ‘ढगातली खोली’. पाटीवरचा ढग तेवढा राहिला होता.

“कोंडबा, च्या टाक.”

“दूध संपलं.”

“गवळ्याच्या घरात दूध संपलं? मग कोरा टाक. आज मी पाहुणा म्हणून न्हाई, पुढारी म्हणून आलोय.”

त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. कोंडिबाला ते काय आहेत ते माहीत होतं. गावात आठवडाभर तोच विषय होता. नव्या कायद्यानं गावाला एक हक्क दिला होता. निवडून दिलेला सरपंच पटेनासा झाला तर मुदत संपायची वाट बघायची गरज नाही. निम्म्या मतदारांनी सह्या केल्या की तहसील कचेरीतून अधिकारी येतो, ग्रामसभा भरते आणि गुप्त मतदान होतं. सरपंच राहावा की जावा, एवढाच प्रश्न.

सरपंच होती उज्ज्वला, घरच्यांची उजा. कोंडिबाची सख्खी पुतणी. तिचे आईबाप लवकर गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. कोंडिबाला मूलबाळ नव्हतं. त्याच्या बायकोनं, भागानं, तिला पदराखाली घेतलं, शाळेत घातलं, साताऱ्याला धाडलं, पुण्याला धाडलं. पोरगी पदार्थविज्ञान शिकली आणि भागा गेल्यावर गावात परत आली.

कागदावर एक्केचाळीस सह्या होत्या. पहिली ओळ मात्र कोरी होती.

“ती तुझी,” बबन म्हणाला. “सरपंचाच्या घरची सही वर दिसली की बाकीचे करतील. न्हाई दिसली तर म्हणतील, खोल्या रिकाम्या म्हणून बबन कोकलतोय.”

“रिकाम्या हायत का?”

“हायत की! पण मधाच्या पेट्या पण रिकाम्याच हायत. झाडांवरचं शेवाळ वाळून खपल्या पडायला लागल्या. आन चाराच्या चाळीस जाळ्या केल्या तवा तिनं गावाला विचारलं? ठराव घेतला? तुला तरी सांगितलं?”

सांगितलं नव्हतं.

“जाळ्या बंद झाल्या तर धुकं येईल?” कोंडिबानं विचारलं.

“उद्याच्या उद्या येईल. गेलंय कुठं ते? समुद्रावरनं रोज निघतंय. हिच्या तारांपर्यंत येतं आन मरतं.”

कोंडिबानं पेन घेतलं आणि चौथी शिकलेल्या हातानं, सावकाश, पहिल्या ओळीत सही केली. बबनलाच आश्चर्य वाटलं. तो चहा न पिताच उठला, माणूस विचार बदलेल या भीतीनं.

मधाबद्दल, खोल्यांबद्दल कोंडिबाचं काही म्हणणं नव्हतं. त्याला धुकं हवं होतं. धुक्यात भागा ऐकू येईल असं त्याला वाटत होतं. हे बबनला सांगण्यासारखं नव्हतं.

*

उंबरमाचीवर पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की दारं फुगून लागत नाहीत. पण खाली सगळा काळा कातळ. तो पाणी धरत नाही. फेब्रुवारी सरला की विहीर तळाला जायची आणि बायका पश्चिमेच्या उतरणीवर, अर्ध्या कड्यात, झऱ्यावर जायच्या. भागानं चाळीस वर्षं त्या वाटेनं हंडे आणले.

उजा परत आली त्या वर्षी तिनं गावातल्या बायकांना शाळेत गोळा केलं. तांब्यातून पाण्याची बारीक धार सोडली, स्वतःच्या केसांवरून घासलेला कंगवा धारेजवळ नेला. धार कंगव्याकडं वाकली.

“अगं बया,” ठकूआजी म्हणाली. “पाण्याला डोळे फुटले.”

मग उजानं समजावून सांगितलं. धुकं म्हणजे पाण्याचे थेंबच, पण इतके बारीक की केसाच्या जाडीत चार-पाच बसावेत. साधी जाळी उभी केली तर वारा तिच्या दोऱ्यांना वळसा घालून जातो आणि हलके थेंबही त्याच्यासोबत वळसा घालून निघून जातात. शंभरातले दोन-चार अडकले तर अडकले. म्हणून तिनं जाळीच्या पुढं सुयांची रांग बसवली आणि त्या सुयांना उन्हावर चालणाऱ्या यंत्रातून फार मोठ्या दाबाची वीज दिली. वीज थोडीच लागते. पण सुईच्या टोकापाशी हवा भारली जाते, तो भार थेंबांना चिकटतो, आणि भारलेला थेंब वळसा घालत नाही. कंगव्याकडं धार वाकावी तसा तो जाळीकडं ओढला जातो. थेंबाला थेंब मिळतो, ओघळतो, खालच्या पन्हाळीत पडतो.

पहिल्या चार जाळ्यांनी शाळेची टाकी भरली. एप्रिल महिन्यात. पुढच्या निवडणुकीत गावानं उजाला जवळजवळ न विचारताच सरपंच केलं. मग जाळ्या वाढल्या, आणि बासष्ट घरांत नळ आले.

त्यानंतर जे झालं ते कुणी गृहीत धरलं नव्हतं. जाळीतून निसटलेले थेंबही भारलेले असायचे. ते वाऱ्याबरोबर गावाकडं येताना वाटेतल्या साध्या थेंबांना ओढून घ्यायचे, जड व्हायचे आणि कड्यालगतच्या गवतात पडून जायचे. चार जाळ्यांनी ते जाणवलं नाही. चाळीस जाळ्यांनी कड्यावर न दिसणारी एक भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडं ढग, अलीकडं ऊन. बाहेरून शास्त्रज्ञ आले, मापं घेऊन गेले, उजाशी हात मिळवून गेले. हे सगळं अनपेक्षित होतं असं तिनं त्यांना सांगितलं.

धुकं गेलं तशी हाळीही गेली.

धुक्यात शब्द पोचत नाहीत, पहिल्याच वळणावर विरघळतात. लांब सूर मात्र पोचतो. म्हणून माचीवर प्रत्येक घराचा आपला सूर होता. आखाड्यांचे दोन लांब आणि एक तुटका. कोकऱ्यांचे तीन आखूड. धुक्यातून जाणारा माणूस आपल्या घराची हाळी द्यायचा. तिचा अर्थ एवढाच, की मी अमक्या घरचा, मी इथं आहे. ज्यानं ऐकली त्यानं आपली हाळी द्यायची, म्हणजे ऐकलं, मीही इथं आहे. यापलीकडं हाळीत काही बोलता यायचं नाही. आणि एक नियम रांगत्या पोरांनाही ठाऊक होता. हाळीकडं चालत जायचं नाही. धुक्यात आवाजाची दिशा फसवते आणि माचीला तिन्ही बाजूंनी कडा आहे. आवाजामागं गेलेली माणसं पूर्वी खाली गेली होती. असाल तिथं थांबा, उत्तर द्या, बस.

पाच वर्षांपूर्वी एप्रिलातच, सकाळी सातच्या सुमाराला, कोंडिबा म्हैस पिळत होता. झऱ्याच्या बाजूनं भागाची हाळी आली. दोन लांब, एक तुटकी. त्यानं उत्तर दिलं. पुन्हा आली. त्यानं पुन्हा दिलं. नवं लग्न झालं होतं तेव्हा भागाला ही खोड होती. पाण्याला गेली की उगाच हाळ्या द्यायची, हा दर वेळी उत्तर देतो का बघायला. आज म्हातारीला जुनं आठवलं वाटतं, असं म्हणून तो हसला होता. तिनं नऊ वेळा हाळी दिली, त्यानं नऊ वेळा उत्तर दिलं. मग ती थांबली. निघाली असेल, त्याला वाटलं.

धुकं उठलं तेव्हा ती वाटेवरच्या मोठ्या धोंड्याखाली सापडली. पाय घसरून खुबा मोडला होता, डोक्याला लागलं होतं, अंग गार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

नऊ हाळ्यांचं कोंडिबा कुणाशी बोलला नाही.

*

सह्या निम्म्याच्या वर गेल्या त्या दुपारी उजा आली. पायरीवरच थांबली, चप्पल काढली नाही.

“तात्या, पहिली सही तुमची हाय.”

“हाय.”

“बबनकाकांनी गळ घातली का?”

“न्हाई.”

“मग माझं चुकलं काय ते सांगा. बाकीच्यांनी तोंडावर सांगितलं. ठराव न घेता जाळ्या वाढवल्या, ते तर खरंच हाय. तुमचं काय?”

कोंडिबा म्हशीच्या गळ्यातल्या दोरीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागला.

“काकी हंडा घेऊन गेली ती आली न्हाई,” उजा म्हणाली. “तिच्यासाठी नळ आणला मी.”

“ती गेल्यावर आणलास.”

बोलून झाल्यावर त्याला जीभ हासडून टाकावीशी वाटली. उजानं खाली बघितलं. “व्हय, गेल्यावर,” म्हणाली आणि वळून चालू लागली. गाव सगळं उघडं असल्यानं ती थेट तिच्या दारापर्यंत जाताना त्याला दिसत राहिली. तेवढा वेळ त्याला बघावंच लागलं.

चार दिवसांनी मतदानाची तारीख लागली आणि गायधनी नावाचे अधिकारी आचारसंहितेचं बाड घेऊन आले. त्यांनी पहिल्यांदा जाळ्या बघितल्या आणि मग जाळ्यांवरच्या पत्र्याच्या पाट्या. प्रत्येक पाटीवर सरपंचाचं नाव होतं.

“ही नावं झाका,” ते म्हणाले. “मतदारांवर प्रभाव पडतो.”

कागद चिकटवले, ते वाऱ्यानं नेले. फडकी बांधायची तर शिडीवर चढावं लागणार, आणि सुयांत वीज असताना शिडीवर चढायला कुणी तयार होईना. गायधनींनी बाड उलटंसुलटं चाळलं, घाम पुसला आणि हुकूम काढला. मतदान होईपर्यंत यंत्र बंद.

“सायेब,” बबन हात जोडून म्हणाला, “तुमचं बाड लई गुणी हाय.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आलं.

कोंडिबा पडवीतच होता. आधी धरण गेलं. मग कडा गेला, मग जाळ्या एकामागून एक, जणू कुणी त्या मोजत मोजत उचलून नेत होतं. शेवटी अंगणातलं तुळशीचं वृंदावन फिकं झालं आणि नव्हतंच असं झालं. गालाला गार ओल लागली. म्हैस कान हलवून स्वस्थ झाली. तीन वर्षं लख्ख उन्हात अवघडून बसलेलं गाव पांघरुणात शिरल्यासारखं सैल पडलं.

पहिल्या दिवशी हाळी कुणी दिली नाही. लोकांना लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी ठकूआजीनं दिली, चिरकी, लांबलचक. थोड्या वेळानं कुणी उत्तर दिलं. मग तिसरं घर, मग दहावं. कोंडिबा डोळे मिटून ऐकत होता. धुक्यात डोळे मिटले काय, उघडले काय, सारखंच. कोण कुठल्या घरचं ते त्याला कळत होतं. काही सूर आता नव्या गळ्यांतून येत होते. तो वाट बघत होता एकाच सुराची, आणि तो येणार नाही हेही त्याला कळत होतं, आणि तरी तो वाट बघत होता. असे तीन दिवस गेले. त्यानं जेवण कधी केलं, म्हैस कधी पिळली, त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

चौथ्या दिवशी, सातच्या सुमाराला, झऱ्याच्या बाजूनं हाळी आली.

दोन लांब, एक तुटकी. भागाचा दुसरा सूर शेवटी जरा वर चढायचा, तो तसाच चढला.

कोंडिबाचं तोंड आपोआप उघडलं. छातीत श्वास भरला. उत्तर ओठांवर आलं होतं.

त्यानं ते दिलं नाही. तोंड मिटलं. काठी घेतली आणि उठला.

चाळीस वर्षं पाठ असलेली वाट पायाखाली पुन्हा नवी झाली होती. उंबराच्या मुळापासून सोळा पावलं सरळ. मग डावीकडं, जिथं माती संपून कातळ लागतो. मग उतार. तो काठीनं पुढचं चाचपायचा, एक पाऊल टाकायचा, थांबायचा. उजव्या हाताला कडा होता. त्याच्यातून गार वारा वर येत होता, त्यावरून तो किती जवळ आहे ते कळत होतं. हाळी पुन्हा आली. या वेळी डोक्यावरून आल्यासारखी वाटली, नंतर मागून. धुकं फसवत होतं. त्यानं कानांवरचा भरवसा सोडला आणि पायांवर ठेवला. पाय झऱ्याकडं जात होते. भागा तिथंच असणार. त्या वेळी त्याला ती मेलेली आहे असं वाटलं नाही. उशीर झालाय एवढंच वाटलं.

मोठ्या धोंड्याशी काठी टेकली. धोंड्यावर कुणीतरी बसलं होतं. शेजारी हंडा होता.

“कोण?” उजा दचकून म्हणाली. “तात्या? हाळीकडं चालत आलात?”

“आलो.”

“अहो, कडा हाय इथं!”

“मला नको सांगू कडा.” तो धोंड्याच्या कडेला बसला.  जाळ्या बंद म्हणून नळ कोरडे होते आणि सरपंच पाण्याला आली होती, हे त्याला जरा वेळानं उमगलं. हाळी तिनं भागाकडूनच उचलली होती, चढावासकट.

“तुझ्या काकीनं नऊ वेळा हाळी दिली होती,” तो म्हणाला. “त्या दिवशी. मी म्हैस पिळत होतो. नऊ वेळा उत्तर दिलं. जाग्यावरनं हललो न्हाई. गंमत करती म्हणून हसलो बी.”

 धुक्यात तिचा चेहरा म्हणजे नुसता एक फिका डाग होता. त्यामुळंच त्याला बोलता आलं.

“म्हणून सही केली. धुकं आलं तर पुन्हा हाळी ऐकू येईल, असं वाटलं. येडा झालोय म्हण.”

उजा म्हणाली, “मी तवा सुट्टीला आले होते, शाळेच्या पायरीवर होते. फोनला रेंज तिथंच यायची. मी पण उत्तर दिलं, तात्या. चार वेळा. मग कंटाळून कानात गाणी घातली.”

खाली झऱ्याचं पाणी वाजत होतं.

“तिला सगळीकडनं उत्तरं येत होती,” ती म्हणाली. “तिला वाटलं असंल, येतायत आता.”

कोंडिबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओले होते.

“आणखी एक हाय. दहाव्या जाळीलाच मला कळलं होतं, धुकं मरतंय. गावाच्या पाण्याला दहा पुरत होत्या. वरच्या तीस मी पाण्यासाठी लावल्या न्हाईत. ते आलेले शास्त्रज्ञ, त्यांना मी खोटं सांगितलं.”

“मग कशापायी लावल्या?”

“मला धुकं नकोच होतं. कायमचं.”

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. अकरा वाजले तरी धुकं उठेना. गायधनी टेबलाशी बसून हजेरी घेत होते आणि समोर त्यांना पहिली रांगसुद्धा दिसत नव्हती. नाव घेतलं की धुक्यातून त्या घराची हाळी यायची.

“हजर म्हणा, हजर!” ते ओरडले.

“तेच म्हणतोय सायेब,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळं धुकं हसलं.

उजा उभी राहिली असावी. तिचा आवाज तेवढा आला. दहाव्या जाळीचं तिनं जसंच्या तसं सांगितलं. ठराव का घेतला नाही तेही सांगितलं, की घेतला असता तर तुम्ही नको म्हणाला असता. शेवटी म्हणाली, “काकीची हाळी मी ऐकली होती. मी गेले न्हाई.”

 कोंडिबा कधी सभेत बोलला नव्हता. तो काठीवर भार देऊन उठला.

“मी नऊ वेळा ऐकली,” तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

उजवीकडून बबनचा आवाज आला. पुढारी म्हणून आला होता तो हा आवाज नव्हता. “माझं घर झऱ्याला सगळ्यात जवळ. मी सात वेळा दिलं उत्तर. पाहुण्यांच्या चहाची घाई होती.”

“मी चुलीम्होरं बसून दिलं,” ठकूआजी म्हणाली. “बसूनच.”

मग कुठून कुठून आवाज आले. कुणी तीन म्हणालं, कुणी एक. कुणी नुसतं “मी पण” म्हणालं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, कारण कुणाला कुणी दिसत नव्हतं. पाच वर्षं प्रत्येकानं हे आपल्या एकट्याचंच म्हणून सांभाळलं होतं.

“हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही,” गायधनी म्हणाले, पण हळूच.

मतदान झालं. कोंडिबानं ‘राहावा’चं बटण दाबलं. मतदान यंत्राचा लांब बीप आला. मोजणी संपली तेव्हा ऊन पडू लागलं होतं आणि माणसं एकमेकांना दिसू लागली होती. जावा, एकशे एकोणतीस. राहावा, एकशे एकवीस.

उजानं कार्यालयाची किल्ली टेबलावर ठेवली. कोंडिबाला वाटलं, ती आता पुण्याला जाईल. त्यानं विचारलं नाही. ती त्याच्या बरोबरीनं चालत घरापर्यंत आली, पायरीपाशी चप्पल काढली आणि आत जाऊन भाकरीचं पीठ काढू लागली.

*

बबन उपसरपंच होता, तो आपोआप सरपंचाच्या खुर्चीवर बसला. पहिल्याच दिवशी त्यानं जाहीर केलं की चाळीसच्या चाळीस जाळ्या बंदच राहतील. त्याच्या बायकोनं, हिरानं, रिकामा हंडा आणून भर कार्यालयात त्याच्या टेबलावर ठेवला.

“झरा पश्चिमेला हाय,” ती म्हणाली. “वाट ठाऊक असंलच.”

दहा जाळ्या चालू राहिल्या.

उरलेल्या तीस उजानं उतरवल्या. लावल्या तिनंच होत्या. ती शिडीवर चढायची, कोंडिबा खाली दोर धरायचा. बबन एकदा बघायला आला आणि जाता जाता त्यानंही दोराचं दुसरं टोक धरलं. कोंडिबाशी तो फारसं बोलला नाही. “माझा कोरा च्या राहिलाय तुझ्याकडं,” एवढंच म्हणाला.

धुकं पूर्वीइतकं दाट येत नाही. नऊपर्यंत राहतं, मग पातळ होत होत जातं. नळालाही पाणी येतं, पूर्वीसारखं धो-धो नाही, पण येतं. शेवाळ धरायला वेळ लागेल, उजा म्हणते. तिच्या वहीत ती रोज काहीतरी मोजून लिहीत असते, आणि त्या शास्त्रज्ञांना तिनं पत्र पाठवलं आहे.

मे अखेरीच्या एका सकाळी कोंडिबा पडवीत बसला होता. समोर पांढरं. ठकूआजीची हाळी आली, चिरकी, लांबलचक, पिंपरणीच्या झाडाच्या बाजूनं. म्हातारी रोज तिकडं शेण गोळा करायला जायची.

कुणी उत्तर दिलं नाही.

कोंडिबानं काठी घेतली. आतून उजा ओल्या हातानं बाहेर आली. दोघं पायऱ्या उतरले. चालताना त्याला आजूबाजूला आणखी पावलं ऐकू येत होती. डावीकडं काठीचा ठोका. मागं पैंजण. कुणीतरी ठेचकाळलं, कुणीतरी त्याला सावरलं. सगळी पावलं सावकाश, चाचपत, एकाच दिशेनं.

पिंपरणीखाली ठकूआजी शेणाची पाटी घेऊन उभी होती. धुक्यातून एकेक चेहरा तिच्यापुढं उगवू लागला. कोंडिबा, उजा, हिरा, तोंडाला साबण लागलेला बबन, आणखी आठ-दहा जण.

“काय झालं रं?” म्हातारी घाबरली. “कोण गेलं?”

“कुणी न्हाई,” कोंडिबा म्हणाला. “तू हाळी दिलीस.”

“अरं मेल्यांनो, रोजचीच ती! मी इथं हाय, एवढंच म्हटलं मी!”

“हां,” कोंडिबा म्हणाला. “तेच बघायला आलो.”